गाडीचे पाय

टायर कसा निवडावा, हे मला कुणी विचारत नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी पुरुषमंडळींचे गाड्यांवर परिसंवाद चालतात, तेव्हा शेजारच्याच बाकावर मी बसलेली असते. मला लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण विचारतात. गुडघ्याला कुठलं तेल लावता, हेही विचारतात. एकदा मी आपणहून म्हटलं, "रुंद टायरमध्ये हवा जरा कमी ठेव, वाळूत बरं पडतं," तर सगळे माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. लहान मुलाने मोठा शब्द वापरला की हसतात ना, तसं. तेव्हापासून मी तिथे गप्प बसते. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या समोर राहणाऱ्या सागरने यंदा एक उंच, दांडगी, डोंगरात जाणारी गाडी घेतली. कंपनीने दिलेली चाकं त्याला पसंत पडली नाहीत. ती काढून त्याने कुठूनशी रुंद, काट्याकाट्यांची चाकं बसवून आणली. आता ती गाडी शेजारच्या गाडीच्या हद्दीत वीतभर घुसून उभी असते. "काकू, ही कुठलाही डोंगर चढेल," सागर म्हणाला. अजून तरी ती मॉलच्या पार्किंगचाच चढ चढली आहे. मी त्याच्या बायकोला, मेघनाला विचारलं, "तू चालवलीस का गं?" तिच्याकडे परवाना आहे, मला ठाऊक आहे. लग्नाआधी ती वडिलांची गाडी ऑफिसला न्यायची. उत्तर सागरनेच दिलं.

"तिला नाही झेपायची, काकू. हेवी आहे."

मेघना हसली आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ते ऐकलं आणि माझ्या तळहातांना आग सुटली. खरंच सुटली. हातांना अजून आठवतं सगळं.

ऑक्टोबरला मुंबईत कुणी चांगलं म्हणत नाही. घामोळं, धूळ, डोक्यावर चढणारं ऊन. मला मात्र हा महिना आवडतो आणि ते मी कुणापासून लपवत नाही. हा चिखल वाळण्याचा महिना आहे. ऐंशीच्या दशकात मुलुंड पूर्वेला बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या, आणि हायवे ओलांडला की मिठागरं सुरू व्हायची, ती पार नाहूर-भांडुपच्या बाजूपर्यंत. पावसाळाभर सगळं पाण्याखाली. दसरा जवळ आला की उघाडीतून, म्हणजे बांधात बसवलेल्या लाकडी दारातून, ते पाणी खाडीत सोडून द्यायचे आणि खालचा काळा चिखल उन्हात यायचा. त्याचा वास दुपारी आमच्या घरात शिरायचा. कुजकट, खारट, थोडा माशाचा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. आम्हाला त्या वासावरून कळायचं की नानांचा हंगाम सुरू झाला.

नाना म्हणजे माझे वडील. मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत लागले, पुढे गिरणीचा भरवसा वाटेना म्हणून बाहेर पडले आणि मिठाच्या वाहतुकीत शिरले. गेल्या उन्हाळ्यातल्या मिठाच्या राशी मिठागराच्या आतल्या अंगाला गवताने शाकारून ठेवलेल्या असायच्या. पाऊस संपला की गवत काढून ते मीठ हायवेपर्यंत आणून द्यायचं, हा नानांचा ठेका. अडचण होती ती रस्त्याची. रस्ता म्हणजे बांध. खाली मुरूम, वर पावसाने भिजलेली चिकणमाती, दोन्ही बाजूंना पाणी. साधा ट्रक तिथे शिरला की घसरायचाच. म्हणून नानांनी मिलिटरीच्या लिलावातला एक छोटा जुना ट्रक घेतला होता. त्याच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळायचा. नानांनी त्याचं टप कापलं, मागचा हौदा खाली बसवला, सायलेन्सरची नळी पाण्यात बुडू नये म्हणून वर वळवून घेतली. दिसायला तो अगदी कुरूप होता आणि मला तो फार आवडायचा. कॉलेजच्या सुट्टीत नानांनी मला गाडी शिकवली ती त्याच्यावरच. मी परवाना काढला तेव्हा चाळीतल्या बायका आईला म्हणाल्या, मुलीला शिवणकाम शिकवायचं सोडून हे काय. आई म्हणाली, "तेपण येतं तिला."

मिठागरावर एक रीत होती. चपला घालून आत जायचं नाही. जमीन चोपून चोपून गुळगुळीत केलेली असते, आणि बाहेरची माती आत आली की मीठ काळं पडतं, हे त्यामागचं कारण. पण तिथल्या बायका ते कारण सांगत बसायच्या नाहीत. त्या नुसत्या पायांकडे बघायच्या. त्यांची पुढारी होती हिराबाई. आगरी बाई, काटक, कासोट्याचं लुगडं, आवाज असा की बांधाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचे बगळे उडावेत. तिचं म्हणणं, माणसाला जो नियम तोच गाडीला. त्यामुळे बांधाच्या तोंडाशी पाण्याचं पिंप ठेवलेलं असायचं, आणि नाना प्रत्येक खेपेला उतरून, उकिडवे बसून, नारळाच्या काथ्याने चारही चाकं घासून धुवायचे. हिराबाई कमरेवर हात ठेवून उभी. "गारीचे पाय नीट धू रं, भाऊ. बोटांच्या मधलं पन काढ." चाकांना ती पाय म्हणायची आणि टायरच्या नक्षीला बोटं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. पुढे मलाही दुसरा शब्द सुचेनासा झाला.

पुढे एका वर्षी श्रावणात नानांची डावी बाजू अर्धांगाने गेली.

त्याबद्दल फार लिहिणार नाही. उजवा हात चालत होता, बोलणं जड झालं होतं, आणि डोकं पहिल्यासारखंच लख्ख होतं. ते सगळ्यात कठीण होतं, त्यांनाही आणि आम्हालाही. दाराशी खुर्चीत बसून ते ट्रककडे बघत राहायचे. ट्रकचे टायर तोपर्यंत इतके झिजले होते की आतला कपडा दिसायला लागला होता. हंगामाआधी चाकं बदलायलाच हवी होती. आणि इथे काका आले.

काका म्हणजे नानांचे धाकटे भाऊ. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं गॅरेज होतं. जवळ सिनेमाचे स्टुडिओ, त्यामुळे हिरोच्या जीपा त्यांच्याकडे सजायला यायच्या. काका मनाने वाईट नव्हते. नाना दवाखान्यात असताना सगळी धावपळ त्यांनीच केली. पण धावपळ करता करता घरातला प्रत्येक निर्णय आपलाच, असं त्यांना वाटायला लागलं. ट्रक ते अंधेरीला घेऊन गेले. मला म्हणाले, "तू आता टायपिंग शीक, शैला. गाडीचं मी बघतो."

मी टायपिंगच्या क्लासला जाते सांगून अंधेरीला गेले. गॅरेजच्या भिंतीला चाकं उभी करून ठेवली होती. नव्या रबराचा वास एवढा की जिभेवर चव यायची. तो वास मला आवडतो, आजही. आपला ट्रक मधोमध, आणि त्याला हत्तीच्या पायासारखी रुंद चाकं. नक्षी बारीक आणि खोल, आतल्या लोखंडी डिस्का अशा बसवलेल्या की चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. काकांचा चेहरा खुलला होता.

"झकास ना? असली चाकं तर हिरोच्या जीपलापण नाहीत."

"काका, बांध केवढा रुंद आहे, बघितलाय का तुम्ही?"

"बांध काय नि रस्ता काय. रुंद चाक रुतत नाही, एवढं लक्षात ठेव."

मी वर चढून बसले आणि जागच्या जागी स्टिअरिंग फिरवून बघितलं. फिरेना. दोन्ही हातांनी, पाय रोवून, अख्खं अंग घालून ओढलं, तेव्हा कुठे बोटभर हललं. तळहात लाल झाले. जुन्या चाकांवर हेच स्टिअरिंग मी सहज फिरवत होते. खालून काका हसत म्हणाले, "हेवी आहे. तुला नाही झेपायची. म्हणून तर बबन म्हणून एक ड्रायव्हर ठेवतोय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, काय घडलंय ते. या चाकांनी गाडी कोण चालवणार हेही ठरवून टाकलं होतं. आणि चाकं काकांनी निवडली होती. मला कुणी चालवू नकोस असं म्हटलंच नाही, म्हणजे भांडायचं तरी कशावर. नुसती मला न झेपणारी चाकं लावली, आणि मग माझ्याबद्दल हळहळ व्यक्त केली. मी खाली उतरून सरळ बाहेर पडले. घरी येताना मी रिक्षात रडले. रागाने रडले, हे सांगून ठेवते.

दसऱ्याला ट्रक मुलुंडला आला. झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, काचेवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. चाळीतली झाडून सगळी माणसं बघायला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. बबन आत बसला. चांगला माणूस, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. काका म्हणाले, "शैला, ओवाळ." मी ताट घेऊन पुढे झाले आणि माझ्या नानांच्या ट्रकमध्ये बसलेल्या परक्या माणसाला ओवाळलं. ट्रक पुढे गेला, लिंबं चिरडली, पोरांनी टाळ्या पिटल्या. नाना खुर्चीत होते. ते चाकांकडे बघत होते. टाळ्यांना त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली खेप. मी बबनबरोबर गेले, कारण मीठ मोजून घ्यायला घरचं कुणीतरी हवं होतं आणि तेवढं काम बाईला चालतं. बांधाच्या तोंडाशी हिराबाईने हात आडवा केला.

"पाय धू पयले."

बबनला कळेना. मी उतरले, काथ्या घेतला आणि घासायला बसले. त्या बारीक, खोल नक्षीत हायवेवरचे खडे, डांबर, तुटलेली काच असं काय काय रुतून बसलं होतं. एका चाकाची बोटं साफ करता करता ऊन डोक्यावर आलं. हिराबाई वाकून बघत होती. "याची बोटं नाय धुवाची कदी," ती म्हणाली. तिने नाखुशीने सोडलं. राशीवरचं गवत काढलं होतं, मीठ उघडं पडलं होतं, थांबायला सवड नव्हती.

थोडं पुढे गेलो असू. बाहेर आलेली चाकं बांधाच्या कडेवरून चालत होती, मधल्या पक्क्या भागावरून नव्हे. मला डाव्या बाजूने माती सुटताना दिसली. मी बबनच्या दंडाला धरलं, पण तोवर मागचं चाक खाली गेलं होतं. कड ढासळली. खाडीचं पाणी त्या फटीतून शेजारच्या वाफ्यात शिरलं. तो वाफा बायकांनी सबंध आठवडा पायांनी चोपून तयार केला होता. हिराबाई धावत आली, ओंजळी ओंजळी चिखल भरत फटीत बसली, तिच्यामागून बाकीच्या. मीही बसले. भरती चढायच्या आत फट बुजली, आणि सगळ्यांनी ढकलून ट्रक उलटा बांधाबाहेर काढला. वाफा गेला तो गेलाच. आरडाओरडा करणारी हिराबाई त्या दिवशी ओरडली नाही. लुगड्याला हात पुसत म्हणाली, "आता गारी बांदाव नाय येवाची. मी जिती हाय तवर नाय."

संध्याकाळी काका आले. त्यांच्या मते चूक बबनची होती, आणि थोडी बांधाची. चाकांची नव्हती. मिठागराचं काम आता सोडून द्यावं, ट्रक अंधेरीला न्यावा, शूटिंगला भाड्याने द्यावा, असं ते म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला नानांचा चेहरा बघवेना. ट्रक गेला तर नाना त्या खुर्चीतून काय बघणार होते? त्यांचा ठेका गेला असता, आणि मी कुठल्यातरी ऑफिसात दुसऱ्याची पत्रं टाईप करत बसले असते. काका गेल्यावर मी नानांना म्हटलं, मी चाकं बदलून आणते. कुठली घालू?

नाना बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मग म्हणाले, "हात तुजे आसत गो. जां तुका झेपता, तां घाल."

मी सकाळी मिठागरावरचा काळा चिखल एका डब्यात भरून घेतला, बबनला ट्रक कुर्ल्याला न्यायला सांगितला, आणि जुन्या टायरांच्या दुकानांतून फिरायला लागले. जो टायर आवडेल त्याच्या नक्षीत चिखल थापायचा, उन्हात वाळू द्यायचा, मग मुठीने ठोसा मारायचा. चिखल सुटला तर टायर चांगला. सुटला नाही तर पुढचा. दुकानदार बघतच राहिले. एक म्हणाला, "मॅडम, ये क्या कर रहे हो, माल आहे माझा." मी म्हटलं, "मालच बघतेय." दुसऱ्याने विचारलं, बरोबर कुणी पुरुष नाही का. मी बबनकडे बोट दाखवलं. बबन म्हणाला, "मला काही विचारू नका, यांनाच विचारा." तेव्हापासून बबन मला आवडायला लागला.

रुंद टायर एकामागून एक बाद झाले. दाट नक्षीत चिखल घट्ट बसायचा, ठोसे मारून माझीच बोटं सुजली. शेवटी एका दुकानाच्या मागच्या अंगाला, पाऊस खात पडलेले, मिलिटरीचेच जुने टायर सापडले. उंच आणि अरुंद. नक्षीच्या पट्ट्या जाड, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये माझी चार बोटं आरामात जातील एवढी जागा. कडा झिजून गोल झालेल्या, बांध कापणार नाहीत अशा. चिखल थापला, वाळवला, ठोसा मारला. ढेकूळ अख्खं खाली पडलं. मी हसले तर दुकानदाराला वाटलं, उन्हाने डोकं फिरलंय. पण काकांनी घातलेली रुंद चाकं त्याला हवीच होती, त्यामुळे अदलाबदल तिथल्या तिथे ठरली.

चाकं बसली. मी चढून बसले. जागच्या जागी स्टिअरिंग धरलं आणि फिरवलं. कुरकुरत, जडच, पण फिरलं. पूर्ण फिरलं, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. मी ते उगाचच पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. घरी परत येताना ट्रक मी चालवला.

चाळीत ट्रक शिरला तेव्हा काका आलेलेच होते.

"ही काय सायकल करून आणलीस? शोभा घालवलीस गाडीची."

"शोभा तुमच्या गॅरेजात ठेवा काका. मला मीठ काढायचंय."

"असल्या चाकांनी? अगं चिखलात सरळ खाली जातील ही. आणि चालवणार कोण?"

"मी."

काका नानांकडे वळले. नाना त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते चाकं बघत होते, एकेक करून, चारही. काका म्हणाले, "बरं. रुतलीस तर गाडी अंधेरीला. मग रडायचं नाही. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाईने मला बांधाच्या तोंडाशी अडवलं. मी काथ्या घेऊन बसले आणि चाकं धुतली. घाण पिंपभर पाण्यात सहज निघाली. ती वाकली, प्रत्येक बोटामधून स्वतःचं बोट फिरवलं, उभी राहिली. आकाश पूर्वेकडून काळवंडत होतं. परतीचा पाऊस मिठाला फार वाईट. उघडी रास एका सरीत बसते. हिराबाईने आकाशाकडे बघितलं, चाकांकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मी म्होरं चालतंय. मी हात वर केला का थांबाचं."

ती अनवाणी, माझ्याकडे तोंड करून, मागे मागे पावलं टाकत चालायला लागली. तिची नजर माझ्या चाकांवर आणि माझी तिच्या हातांवर. चाकं बांधाच्या मधोमध होती. तिवरांजवळ बांध वळतो. तिथे सगळ्यात खोल चिखल. मी स्टिअरिंग ओढलं, पाय रोवले, दातावर दात धरले, आणि ट्रकची पुढची बाजू खाली जायला लागली. काका म्हणाले होते तशीच, सरळ खाली. मी घाबरले. पाय ॲक्सिलरेटरवर दाबावासा वाटला. नानांनी शिकवलं होतं, चाकाला घाई करू नको, त्याला तळ शोधू दे. मी पाय तसाच ठेवला. ट्रक आणखी थोडा खाली गेला, आणि मग अरुंद चाकं चिखल भेदून खालच्या मुरुमाला लागली. ते मला कमरेत कळलं. गाडी थरथरली, थांबली, आणि चालायला लागली. हिराबाईचा हात वर गेला नव्हता. "ये," ती म्हणाली. "आजून ये."

पाऊस तिसऱ्या प्रहरी आला. तोवर आम्ही बहुतेक मीठ बाहेर काढलं होतं. शेवटची रास अर्धी विरघळली, हेही लिहिलं पाहिजे, कारण काका ते पुढे बरीच वर्षं सांगत राहिले. मी त्यांना दर वेळी एवढंच म्हणायची की तुमच्या चाकांनी तर एक टोपली आणली नव्हती. माझे तळहात सोलून निघाले होते. आईने हळद लावली आणि म्हणाली, हाताला घट्टे पडले तर बांगड्या भरणारा काय म्हणेल. मी म्हटलं, त्याला म्हणावं, मोठ्या मापाच्या आण.

ट्रक अंधेरीला गेला नाही. काकांनी माफीबिफी मागितली नाही आणि मला ती नकोही होती. पण पुढच्या दसऱ्याला ते सकाळीच आले, हार घेऊन, आणि आपल्या हातांनी चारही अरुंद चाकांखाली लिंबं ठेवली. मी वर चढून बसले. आई ताट घेऊन पुढे येत होती. नानांनी उजवा हात पुढे केला आणि ते तिच्याकडून मागून घेतलं. आमच्यात पुरुष ओवाळत नाहीत. चाळीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ताट त्यांच्या एका हातात कललं, निरांजन विझलं, आईने परत लावलं, आणि खुर्चीतून नानांनी मला ओवाळलं. मग म्हणाले, "चल."

पुढे कितीतरी हंगाम मी तो ट्रक चालवला. आता आमच्या बाजूची मिठागरं ओस पडली आहेत. हिवाळ्यात लोक दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला येतात. बांधावर बूट घालून चालतात आणि त्यांना कुणी अडवत नाही. ऑक्टोबरात वारा योग्य दिशेने असला तर तो वास अजून माझ्या बाल्कनीपर्यंत येतो. कुणी आलं असेल तर खिडकी लावू का विचारतात. मी नको म्हणते.

परवा दसरा झाला. सागरने गाडीला माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मला बोलावलं, कारण मोठं माणूस हवं असतं. मेघना ताट घेऊन उभी होती. सागर दार उघडून आत बसायला निघाला.

"थांब," मी म्हटलं. "मेघना, किल्ली घे."

"काकू, हेवी आहे ती," सागर म्हणाला. "टायर बघा ना."

"बघितले. तुझी गाडी एका बोटाने वळते, इंजिनच वळवतं तिला. मी असल्या चाकांवर स्टिअरिंग हाताने ओढलंय. तिला बसू दे."

मेघनाने सागरच्या हातातली किल्ली घेतली. मग तिने ताट सागरच्या हातात दिलं, साडी सावरली आणि वर चढली. तिने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या मापाने वळवला. गाडी सुरू केली, पुढे घ्यायला गेली आणि इंजिन बंद पडलं. पार्किंगमधले सगळे एकदम पुढे सरकले, प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. सागरही ताट बोनेटवर ठेवून दाराकडे निघाला. मी त्याचा दंड धरला. माझे हात अजून बऱ्यापैकी घट्ट धरतात.

"तिचं ती बघेल," मी म्हटलं. "तू ताट घे आणि ओवाळ."